अंथरूण आपापलं आणावं

गुरुवार उजाडला की पिमलॉट साहेबांचं डोकं फिरायचं. हरदौलपूरचे कलेक्टर म्हणून आठवड्याचे बाकीचे दिवस ते जिल्ह्यावर चिडत, गुरुवारी स्वतःवर. कारण गुरुवारी विलायतेचं टपाल निघायचं. टपालगाडीचं शिंग वाजायच्या आत पत्र पाकिटात गेलं नाही तर मुंबईची बोट चुकली, आणि बोट चुकली की तिकडे बहिणीच्या मनात शंभर शंका. म्हणून गुरुवारी सकाळी कचेरीचं काम ठप्प. वकील बाहेर वडाखाली शेंगा सोलत बसत, पक्षकार पागोटं तोंडावर ओढून झोपत आणि आत साहेब लेखणीचं टोक चावत.

बहीण म्हणजे ऑगस्टा. साहेबांहून थोरली, इंग्लंडात चेल्टनहॅमला राहणारी. तिच्याकडे साहेबांची एकुलती एक मुलगी, फिलिपा. साहेबांची बायको लिडिया इथंच, हरदौलपुरात तापानं गेली आणि त्याच वर्षी पाच वर्षांच्या फिलिपाला कुणा बाईच्या सोबतीनं बोटीत बसवून दिलं. सगळेच देत. गोऱ्यांचं पोर पाचाच्या पुढं हिंदुस्थानात ठेवलं तर ते तापानं मरतं, नाहीतर नोकरांकडून शिव्या शिकतं, असं सगळे धरून चालत आणि आपापली पोरं बोटीवर चढवून येऊन क्लबात मुकाट्यानं पत्ते पिसत. आता फिलिपा नऊ वर्षांची होती. तिचं अक्षर साहेबांनी कुठंही ओळखलं असतं. चेहरा ओळखला असता की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

या गुरुवारचं पत्र नेहमीचं नव्हतं. मागच्या टपालानं ऑगस्टानं कळवलं होतं की ती लग्न करते आहे. शेहेचाळिसाव्या वर्षी! नवरा पाद्री, विधुर, सज्जन, पण त्याला घरात मुलांचा आवाज सोसत नाही. तेव्हा ईस्टरनंतर फिलिपाला ठेवायचं कुठं? एक तर समुद्रकाठचं ते वसतिगृह, जिथं हिंदुस्थानातल्या साहेबलोकांची मुलं सुट्टीसकट बारा महिने राहतात. नाहीतर बापाकडे. 'काय ते स्पष्ट कळव,' ऑगस्टानं लिहिलं होतं. 'हो किंवा नाही. तुझी पत्रं मी न्याहारीला मोठ्यानं वाचते हे तुला ठाऊक आहे. ती चमचा खाली ठेवून ऐकते.' आणि खाली फिलिपाच्या अक्षरात एक ओळ होती. 'पपा, मला आता ताप येत नाही. गेल्या वर्षी आला होता तो एकदाच, आणि तो शेजारच्या हेन्रीला पण आला होता.'

ही ओळ साहेबांनी इतक्या वेळा वाचली की शेवटी ते तिच्यावरच चिडले.

"हेन्रीला आला म्हणून काय झालं?" ते भिंतीला म्हणाले. "हेन्री इथं राहणार आहे का?"

मग लेखणी बुडवून त्यांनी एका दमात लिहून काढलं.

'प्रिय ऑगस्टा, हे फक्त तुझ्यासाठी. न्याहारीला वाचू नकोस, तुला शपथ आहे. उत्तर नाही असं आहे. फिलिपाला इथं आणायची नाही. आणून ठेवू कुणाच्या भरवशावर? आम्ही गोरी माणसं इथं मूठभर, आणि त्यातल्या एकाच्याही हाती मी मांजराचं पिल्लू देणार नाही. मिसेस ऑटली, म्हणजे पोलीस कप्तानाची बायको, गायला लागली की तबेल्यात माझा घोडा लाथा झाडतो. कप्तान बायकोपुढं तोंड उघडत नाही, आणि चोर कप्तानापुढं उघडत नाहीत. कालव्यावरचा इंजिनेर बिंगहॅम दिवसभर पाणी मोजतो आणि संध्याकाळी पाण्याला शिवत नाही. राहिला डॉक्टर टुली.'

इथं साहेब थांबले. मग पुन्हा लिहायला लागले, पण अक्षर जरा बारीक झालं.

'टुली शेवटपर्यंत लिडियाच्या उशाशी बसून होता. तिला वाचवू शकला नाही. मी रोज त्याच्यासमोर पत्ते खेळतो आणि रोज मनात येतं, दुसरा कुणी डॉक्टर असता तर? हे मी त्याला कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. ऑगस्टा, इथल्या कबरस्तानात आमच्या नावाचा एक दगड आहे तेवढा पुरे झाला. पोरगी मला शिव्या घालेल तर घालू दे, पण जिवंत राहून घालू दे.'

हे लिहून झालं तेव्हा त्यांना बरंच हलकं वाटलं. इतकं हलकं की लगे हात त्यांनी दुसरं कामही उरकून घेतलं. नाताळ जवळ आला होता आणि नाताळचं जेवण रिवाजाप्रमाणे कलेक्टरच्या बंगल्यावर. त्याची फिरती चिठ्ठी, म्हणजे लाल पुठ्ठ्यातून बंगल्याबंगल्यांवर फिरवायची ती, लिहायची होती. घरच्या चांगल्या कागदाला वाळवी लागली होती, म्हणून बहिणीचं पत्रही त्यांनी क्लबाच्या निळ्या कागदावरच लिहिलं होतं आणि ही चिठ्ठीही त्याच कागदावर लिहिली.

'नाताळचं जेवण माझ्याकडे. येणाऱ्यांनी खाली नाव, किती जण आणि काय आणणार ते लिहावं. लांबून येऊन मुक्काम करणाऱ्यांनी अंथरूण आपापलं आणावं. पिमलॉट.'

शेवटची ओळ लिहिली नसती तरी चाललं असतं. त्या मुलखात पाहुणा वळकटीशिवाय कधी घराबाहेर पडतच नसे. पण दरवर्षी लिहायचे म्हणून लिहिली.

तेवढ्यात खानसामा नब्बन येऊन उभा राहिला.

"हुजूर, बदकं किती?"

"किती म्हणजे? माणसं किती ते कळल्याशिवाय मी बदकं कशी सांगू?"

"माणसं कळेपर्यंत बाजारातली बदकं संपतात हुजूर. गेल्या वर्षी काय झालं आठवतं ना? बिंगहॅम साहेबांनी अंडी खाल्ली."

"अरे, तुझ्या मनाला येतील तेवढी आण! पण माझं डोकं खाऊ नकोस!"

एवढ्यात दाराशी पट्टेवाला इलाही बख्श लाल पुठ्ठा घेऊन हजर, आणि बाहेर शिंग वाजलं. साहेबांनी एक निळा कागद घडी घालून पाकिटात कोंबला, लाख ओतली, ठसा दाबला. दुसरा निळा कागद लाल पुठ्ठ्यात ठेवला. पाकीट टपालगाडीत गेलं, पुठ्ठा इलाही बख्शच्या काखेत गेला आणि साहेब सुटकेचा श्वास सोडून वडाखालच्या वकिलांवर ओरडायला बाहेर आले.

संध्याकाळी पुठ्ठा परत आला. साहेब व्हरांड्यात पाय पसरून बसले होते. किती बदकं लागणार ते बघावं म्हणून त्यांनी पुठ्ठा उघडला आणि वरची ओळ वाचली. 'प्रिय ऑगस्टा, हे फक्त तुझ्यासाठी.'

खाली समासात ओळीनं सह्या होत्या.

'पाहिले. टुली.'

'पाहिले. मॉड ऑटली.'

'पाहिले. ऑटली, पोलीस कप्तान.'

'पाहिले. मुलीला आण. बिंगहॅम.'

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मग सगळं रक्त एकदम डोक्यात चढलं.

"इलाही बख्श!"

"हुजूर."

"हे काय आहे?"

"फिरती चिठ्ठी, हुजूर. सगळ्या बंगल्यांवर फिरवून आणली. या खेपेला कुणी ठेवून घेतली नाही, कुणी उद्या ये म्हटलं नाही. ऑटली मेमसाहेबांनी तर दोनदा वाचली."

"दोनदा?"

"होय हुजूर. दुसऱ्यांदा उभं राहून."

"आणि बोलल्या नाहीत काही?"

"बोलल्या ना. कप्तान साहेबांना हाक मारली, म्हणाल्या सही करा, पट्टेवाला खोळंबलाय."

"अरे गाढवा, हे माझं घरचं पत्र होतं!"

इलाही बख्शनं कागदाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. त्याला खरोखर वाईट वाटलं असावं. "लाल पुठ्ठ्यात होतं हुजूर," तो हळूच म्हणाला. "हुजूरांनीच ठेवलं."

आता त्याच्यावर तरी काय ओरडणार? हरदौलपुरात लाल पुठ्ठ्यातून काय आलं, हा प्रश्नच कधी कुणाला पडला नव्हता. आलेलं वाचायचं, पाहिले म्हणून सही ठोकायची आणि पुढच्या बंगल्याकडे ढकलायचं. वाचता वाचता कळलंच असणार ना त्यांना की हे आपल्यासाठी नाही? कळलंच. पण मधेच परत पाठवावं तर वाचल्याचं कबूल करावं लागतं आणि सही करू नये तर शिस्त मोडते. तेव्हा त्या मंडळींनी आपापली निंदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, सही केली आणि शेजाऱ्याला वाचायला पाठवून दिली. काय म्हणावं या लोकांना! त्यांच्या जागी पिमलॉट साहेब असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि हे कळत असल्यामुळेच त्यांचा संताप आणखी वाढला.

मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की बहिणीच्या पाकिटात नाताळच्या जेवणाची चिठ्ठी गेली आहे.

तार करावी का? पण इथला तारबाबू तार आधी स्वतः वाचायचा, मग तोंडानं सांगत सुटायचा. दिवे लागायच्या आत साऱ्या बाजाराला कळलं असतं. एका दिवसात एवढी बदनामी बस झाली, असं म्हणून साहेबांनी तारेचा विचार सोडला. पुढच्या गुरुवारी नीट पत्र धाडू. तोपर्यंत ऑगस्टाला वाटेल भाऊ उन्हानं बिघडला. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी ते क्लबात गेलेच नाहीत. तर क्लबच त्यांच्याकडे आला. पहिला बिंगहॅम. हा गडी लांबरुंद, लालबुंद, खुर्चीत बसला की खुर्चीच ओरडायची.

"माझ्याकडे एक तट्टू आहे," आल्या आल्या तो म्हणाला. "लहान आहे, गरीब आहे, चावत नाही. मुलगी येईल तेव्हा घेऊन जा."

"मुलगी येणार नाही," साहेब म्हणाले. "तू पत्र वाचलंस ना?"

"वाचलं की. पाण्याला शिवत नाही म्हणे मी." बिंगहॅम स्वतःशीच हसला. "छान लिहितोस तू पिमलॉट. मला नव्हतं माहीत. तुझे जमिनीचे निकाल वाचताना झोप येते, हे मात्र मजेदार होतं."

"मी माफी मागतो."

"माफी राहू दे. तट्टाचं बोल."

"तट्टाचं काही बोलायचं नाहीये!"

"बरं बरं. खोगीर दुरुस्त करायला टाकतो तोवर," असं म्हणून बिंगहॅम उठला आणि जाता जाता नब्बनला हाक मारून पाणी मागितलं. ते साहेबांकडे बघत बघत, गटागटा, तळापर्यंत प्यायला.

त्याच्यानंतर मिसेस ऑटली. हॅट, छत्री आणि हातात शिंप्याची टेप. मागं नेहमीप्रमाणे कप्तान.

"मी गाण्याबद्दल बोलायला आलेले नाही," त्यांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं.

"मिसेस ऑटली, मला फार शरम वाटते..."

"वाटायलाच पाहिजे. तुमच्या खोलीला लागून जी खोली आहे तिला खिडक्या किती?"

"दोन. का?"

"डास. बारीक जाळी लागेल. माझ्याकडे उरलेली आहे." आणि त्या टेप घेऊन सरळ आत. कप्तान टेपचं दुसरं टोक धरून मागोमाग.

"अहो, पण मी नाही म्हणून लिहिलंय! तुम्ही वाचलंत ना?"

"दोनदा," आतून आवाज आला. "ऑटली, नीट धर. वाकडं होतंय."

निघताना कप्तानांनी साहेबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांची दोन्ही मुलं गेली सहा वर्षं स्कॉटलंडात होती. साहेबांना हे माहीत होतं, पण या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं.

रोज कुणी ना कुणी येत राहिलं. कुणी कूनूरच्या गव्हर्नेसचा पत्ता दिला, कुणी उन्हाळ्यात मुलीला डोंगरावर न्यायची तयारी दाखवली. मूठभर माणसं, पण सल्ल्याला तोटा नाही. साहेबांना वाटायला लागलं की त्या पत्राबद्दल यांनी आपल्याशी कडाकडा भांडावं, तोंडावर थुंकावं, पण हे नको! त्यांची मुलगी, त्यांची बायको, त्यांचं दुःख, आणि त्यावर गावजेवण चाललं होतं.

फक्त डॉक्टर टुली आले नाहीत. बुधवारी मात्र संध्याकाळी आले. म्हातारा माणूस, पुढल्या वर्षी पेन्शनीत निघणारा. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "विचार."

"काय?"

"जे मला कधी विचारणार नव्हतास ते."

साहेबांची मान खाली गेली. "टुली, ते मी असंच..."

"असंच नाही. चार वर्षं पत्ते खेळतोयस माझ्याशी. विचार."

"दुसरा कुणी डॉक्टर असता तर?" साहेबांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"मला माहीत नाही," टुली म्हणाले. "मीही स्वतःला हेच विचारतो. जे येत होतं ते सगळं केलं. ते पुरलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला, पण पुन्हा घातला नाही. "एक सांगतो. तो पाण्यातून आलेला ताप होता. तुझ्या मागच्या अंगणातली विहीर. लिडिया गेल्यावर तू ती बुजवलीस, आठवतं? स्वतः फावडं घेऊन उभा होतास. त्यानंतर या आवारात तो ताप कुणाला आला?"

"कुणाला नाही."

"नोकरांच्या पोरांना?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? तिला काही होणार नाही अशी हमी दे मला!"

"हमी?" टुली उठले. "हमी पाहिजे तर वसतिगृहवाल्या बाईकडे माग. ते देतात, छापील. मी मुलीला ताप येणार नाही असं सांगू शकत नाही. तिथं येणार नाही असंही नाही सांगू शकत. पण ती चमचा खाली ठेवून कुणाच्या तरी पत्राची वाट बघत बसणार, एवढं सांगू शकतो."

"हे तुला कुणी सांगितलं, चमच्याचं?"

"तूच. बहिणीचं पत्र आलं त्या दिवशी, पत्ते खेळताना. तुझ्या लक्षातही नसेल."

या बोलण्यावर साहेबांनी विचार करायला हवा होता. पण माणूस चिडलेला असला की शहाणपणाचं बोलणं त्याला काठीसारखं लागतं. सगळा गाव एकीकडे आणि आपण एकीकडे, हे त्यांना सहन होईना. लाल पुठ्ठ्यातून सल्ला आला म्हणून काय मी माझ्या मुलीचा जीव धोक्यात घालू? गुरुवारी सकाळी त्यांनी ऑगस्टाला दुसरं पत्र लिहिलं. त्यात मिसेस ऑटली नव्हत्या, घोडा नव्हता, टुली नव्हते, लिडियाही नव्हती. जमिनीच्या दाव्याचा निकाल असावा तसं कोरडं ठणठणीत. 'पूर्ण विचारांती असे ठरवले आहे की फिलिपाची व्यवस्था वसतिगृहात करावी. हेच तिच्या हिताचे आहे. आधीच्या पाकिटात चुकून आलेल्या कागदाकडे दुर्लक्ष करावे.' पाकीट बंद करण्याआधी त्यांनी आतला कागद तीनदा तपासला. या वेळी मात्र चूक झाली नाही.

नाताळचं जेवण झालं. बदकं उरली. बिंगहॅमनं सगळ्यांदेखत पाण्याचा पेला उंचावून यजमानाचं आयुष्य चिंतलं आणि लोक हसून हसून बेजार झाले. जेवणानंतर नेहमी मिसेस ऑटली पियानोवर बसत. आज बसल्या नाहीत. लोक पियानोकडे आणि मग एकमेकांकडे बघू लागले.

"आज गाणं नाही?" शेवटी साहेबांनाच विचारावं लागलं.

"तुमच्या घोड्याला त्रास होतो," त्या म्हणाल्या.

"घोड्याला काय कळतंय?" साहेब कळवळून म्हणाले. "गा हो. मेहरबानी करून गा."

तेव्हा त्या गायल्या. भयंकर गायल्या. लहान मुलांसाठी म्हणायचं नाताळचं गाणं होतं ते, आणि खोलीत म्हणायला एकही लहान मूल नव्हतं. कप्तान भिंतीकडे तोंड करून उभे होते. साहेब उठून त्या बाजूच्या खोलीत गेले. खिडक्यांना जाळी कधी बसली होती त्यांना पत्ता नव्हता. नब्बननं परस्पर सुताराला बोलावलं होतं म्हणे. जाळीला हात लावून साहेब तिथंच उभे राहिले. पत्र परत बोलवता आलं असतं तर त्यांनी त्या क्षणी बोलावलं असतं. पण ते तेव्हा एडनच्या पलीकडे कुठंतरी पोचलं होतं.

जानेवारीभर साहेब जिल्ह्यात दौऱ्यावर फिरले आणि भेटेल त्याच्यावर डाफरले. तहसीलदारांच्या नाकी नऊ आले. फेब्रुवारीत, तंबू उतरवून बंगल्यावर परतले त्या दिवशी, विलायतेचं टपाल येऊन पडलं होतं. ऑगस्टाचं पाकीट नेहमीपेक्षा जाड होतं.

'प्रिय रेजिनाल्ड,' तिनं लिहिलं होतं. 'तू मला तुमच्या नाताळच्या जेवणाचा कागद का पाठवलास हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी मोठ्यानं वाचला, दुसरं काही वाचायला नव्हतंच. वाचून झाल्यावर फिलिपानं तो मागून घेतला. मला वाटलं चित्र काढायला. तिनं तो भरून आणला आणि म्हणाली, लवकर टाक, नाहीतर पपांना किती माणसं ते कळायचं नाही. मी तिला सांगितलं की हा पोचेपर्यंत नाताळ होऊन जाईल. ती म्हणाली, मग पुढच्या नाताळला. काय करावं या विचारात मी तो आठवडाभर ठेवून दिला. तेवढ्यात तुझं दुसरं पत्र आलं. तेही मी न्याहारीला वाचलं. मला कुठं ठाऊक होतं त्यात काय आहे? ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, की दोन्ही कागदांवर सही पपांचीच आहे, मग खरा कुठला? तू तिथं न्यायाधीश आहेस, तूच सांग. वसतिगृहाची जागा मी फेब्रुवारीअखेरपर्यंत अडवून ठेवली आहे.'

आत निळा कागद होता. घडीवर घडी पडून मऊ झालेला, एका कोपऱ्याला मुरंब्याचा डाग. वर साहेबांचं अक्षर, नाताळचं जेवण माझ्याकडे. खाली, जिथं हरदौलपूरच्या मंडळींनी नावं लिहायची होती, तिथं पहिल्या ओळीवर, पेन्सिलीनं आखून घेऊन, लिहिलं होतं.

'फिलिपा पिमलॉट. एक जण. मुक्काम करीन. अंथरूण मी माझं आणीन.'

साहेबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते असे ओरडले की नब्बन हातातली किटली घेऊनच धावत आला.

"अंथरूण!" साहेब ओरडत होते. "ती अंथरूण आणणार आहे! माझ्या घरी यायला माझी पोरगी अंथरूण घेऊन येणार! पाहुणी आहे का ती? कुणी लिहिलं हे? कुणी सांगितलं तिला?"

"हुजूर, पाणी देऊ?"

"मीच लिहिलं," साहेब म्हणाले आणि एकाएकी खुर्चीत बसले. त्यांनी तोंडावर रुमाल दाबला. नब्बन किटली हातात धरून तसाच उभा होता.

मग ते उठले आणि डोक्यावर टोपीही न घालता रस्त्यानं चालत निघाले. कलेक्टर पायी चाललेत म्हणून बाजारातली माणसं दुकानांतून उठून उभी राहिली. मागून इलाही बख्श छत्री घेऊन पळत होता. साहेब थेट तारघरात शिरले. तारबाबूनं घाईघाईनं कोट चढवला. साहेबांनी त्याच्या समोरचा कागद ओढला, उभ्या उभ्या लिहिलं आणि पुढं सरकवला. तारबाबूनं सवयीप्रमाणे तो मोठ्यानं वाचला. वाचू दे. दारात जमलेला सगळा बाजार ऐकत होता, ऐकू दे.

"'फिलिपा. पहिला कागद खरा. दुसरा खोटा. आत्याला सांग वसतिगृह नको. पहिल्या बोटीनं ये. टुली, ऑटली, बिंगहॅम, सगळे वाट पाहतात. तट्टू आहे. अंथरूण आणू नकोस. पपा.'" तारबाबूनं कान खाजवला. "हुजूर, विलायतेची तार आहे. शब्द फार झाले. जरा कापू का? हे अंथरुणाचं काढून टाकलं तर..."

"ते काढायचं नाही!" साहेब गरजले. "बाकी सगळं काप. हवं तर माझं नाव काप. तेवढं राहू दे."

तारबाबू घाबरला आणि त्यानं खरोखरच सगळं कापलं. चेल्टनहॅमला पोचली ती तार एका ओळीची होती, 'फिलिपा, अंथरूण आणू नकोस,' आणि ऑगस्टानं ती न्याहारीला मोठ्यानं वाचली.